पेशी एपिथेलियलच आहेत, कशावरून? गालाच्या अस्तरावर मार्कर शिकताना

‘एपकॅम आलं की एपिथेलियल, विमेंटिन आलं की फायब्रोब्लास्ट.’ लॅबमध्ये नव्याने आलेल्याच्या हाती बहुतेकदा मार्करांचा, म्हणजे पेशीचा प्रकार सांगणाऱ्या प्रथिनांचा, हा दोन ओळींचा तक्ता पडतो. एपकॅम आणि विमेंटिन ही अशी दोन प्रथिनं; एपिथेलियल म्हणजे अस्तराच्या पेशी आणि फायब्रोब्लास्ट म्हणजे अस्तराखालच्या जोडऊतीच्या. स्तन, आतडं, फुप्फुस यांच्या पेशींवर तो बऱ्यापैकी चालूनही जातो. गालाच्या आतल्या अस्तरावर मात्र दोन्ही ओळी फसतात. तिथल्या निरोगी पेशींवर एपकॅम जवळपास नसतंच, आणि याच पेशी प्लेटवर वाढवल्या की त्यांतल्या काही विमेंटिन दाखवू लागतात. तक्त्यावर विसंबलात तर हव्या त्या पेशी फेकून द्याल आणि उरलेल्यांना भलतंच नाव द्याल.

म्हणून मार्कर शिकायला मला हेच अस्तर बरं वाटतं. तंबाखू, गुटखा, सुपारीमुळे तोंडाचा कर्करोग आपल्याकडे इतका आहे की महाराष्ट्रातल्या अनेक प्रयोगशाळांत याच ऊतीवर काम चालतं. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रात तोंडाच्या केराटिन प्रथिनांवर वर्षानुवर्षं काम झालेलं आहे. एमएस्सीच्या प्रोजेक्टला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षाला हा नमुना तुमच्याकडे येण्याची शक्यता चांगलीच आहे. मात्र नमुना हातात घेण्याआधी संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आणि रुग्णाला वाचता येईल अशा भाषेतलं संमतिपत्र, दोन्ही फाइलला लागलेलं हवं.

पहिली पायरी : प्रश्न नक्की करा

‘मार्कर लावायचाय’ हा प्रश्न नव्हे. तुम्हाला तीनपैकी एक काहीतरी विचारायचं असतं. पेशी एपिथेलियल आहे का? एपिथेलियल असेल तर कुठल्या जागेची, कुठल्या थराची? की ती कोण आहे हे माहीत आहे आणि आता तिची अवस्था बघायची आहे, म्हणजे वाढतेय, पक्व होतेय की आपला एपिथेलियल स्वभाव सोडतेय? तिन्हींचे मार्कर वेगळे. पहिल्या प्रश्नाचा मार्कर लावून तिसऱ्याचं उत्तर लिहिणं ही प्रबंधांमध्ये सर्रास दिसणारी गफलत आहे.

प्रश्न वहीत एका वाक्यात लिहा. ‘बायॉप्सीतून वाढवलेल्या पेशींमध्ये केराटिनोसाइट किती आणि फायब्रोब्लास्ट किती?’ इतकं नेमकं. (केराटिनोसाइट म्हणजे अशा अस्तराच्या मुख्य एपिथेलियल पेशी.) या लेखात आपण मुख्यतः हाच प्रश्न सोडवणार आहोत.

दुसरी पायरी : ऊतीचे थर ओळखा

एपिथेलियमचा सगळ्यांत भरवशाचा मार्कर म्हणजे केराटिन, पेशीच्या आतल्या सांगाड्याचे धागे. माणसात केराटिनची ५४ जनुकं आहेत. आपण वापरतो ते क्रमांक १९८२ साली मोल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या यादीतून आले आणि पुढे वाढत गेले. केराटिन एकटं राहत नाही. एक आम्लधर्मी आणि एक तटस्थ किंवा आम्लारिधर्मी अशी जोडी जमली तरच धागा तयार होतो. त्यामुळे जोडीतला एकच रंगला आणि दुसरा अजिबात नाही, असं दिसलं तर आधी अँटिबॉडीवर, म्हणजे मार्करला चिकटून तो दाखवणाऱ्या प्रथिनावर, संशय घ्या.

कुठली जोडी कुठे हे ठरलेलं असतं. आतड्यासारख्या एकपदरी अस्तरात ८ आणि १८. त्वचा, तोंड, अन्ननलिका अशा अनेकपदरी अस्तरांच्या तळच्या थरात ५ आणि १४. तळ सोडून वर सरकलं की जागेप्रमाणे जोडी बदलते. त्वचेत १ आणि १०, डोळ्याच्या कॉर्नियात ३ आणि १२, गालाच्या आत ४ आणि १३. तोंडातसुद्धा सगळीकडे एकच हिशेब नाही. हिरडी आणि कडक टाळू सतत घासले जातात, तिथलं अस्तर त्वचेसारखं केराटिनी होतं आणि १ व १० दाखवतं. म्हणून नमुना नेमका कुठून काढला हे सर्जनला विचारून घ्या. फॉर्मवर नुसतं ‘ओरल म्युकोसा’ लिहिलेलं असलं तर त्यावर समाधान मानू नका.

या चौकटीत आणखी एक नाव बसवा : पी६३. हे केंद्रकात राहणारं प्रथिन तळच्या थरात ठळक दिसतं. त्याचा लहान प्रकार ओळखणारी पी४० नावाची अँटिबॉडी स्क्वेमस, म्हणजे अशा अनेकपदरी अस्तरांतल्या चपट्या, पेशींसाठी जास्त काटेकोर आहे. केराटिन पेशीद्रवात, पी६३ केंद्रकात. दोन वेगळ्या जागांचे मार्कर एकाच पेशीत मिळाले की ओळख बरीच पक्की होते.

तिसरी पायरी : पॅनेल ठरवा

गालाच्या अस्तरातून वाढवलेल्या पेशींसाठी मी हे पॅनेल, म्हणजे मार्करांचा संच, सुचवेन : केराटिन १४, पी६३, ई-कॅडहेरिन आणि केराटिन १३. शिवाय ‘हे नसायला हवं’ या बाजूला फायब्रोब्लास्टसाठी पीडीजीएफआर-अल्फा, रक्तपेशींसाठी सीडी४५ आणि रक्तवाहिन्यांच्या पेशींसाठी सीडी३१. सगळं एकाच दिवशी लावायची गरज नाही. पण नकारात्मक बाजू गाळू नका. काय आहे यापेक्षा काय नाही यावरून पेशीची ओळख पटण्याची वेळ वारंवार येते.

ई-कॅडहेरिनबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. शेजारच्या पेशींना एकमेकींशी जोडणारं हे प्रथिन कॅल्शियम असेल तरच काम करतं. पुस्तकात ते एपिथेलियमची खूण म्हणून येतं आणि तसं ते आहेही. मात्र अस्तरातच बसलेल्या मेलॅनोसाइट (रंगद्रव्य बनवणाऱ्या) आणि लँगरहॅन्स (रोगप्रतिकाराच्या) पेशीही ते दाखवतात, कारण त्यांना केराटिनोसाइटना धरून राहायचं असतं. म्हणजे ई-कॅडहेरिन एकट्याने काही सिद्ध करत नाही, केराटिनच्या जोडीने लावलं तरच उपयोग. शंका असेल तर मेलॅनोसाइटसाठी मेलन-ए आणि लँगरहॅन्ससाठी सीडी१ए लावून बघा.

आता एपकॅम. १९७९ साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरच्या कामातून ते पुढे आलं. एकपदरी अस्तरांवर ते भरपूर असतं, त्यामुळे रक्तात फिरणाऱ्या कर्करोगपेशी पकडायलाही ते वापरतात. अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळालेली सेलसर्च ही चाचणी साडेसात मिलिलिटर रक्तातून एपकॅम असलेल्या पेशी चुंबकाने ओढते. मग केराटिन आहे, सीडी४५ नाही आणि केंद्रक आहे, हे तपासूनच पेशी मोजते. एवढी मान्यताप्राप्त चाचणीसुद्धा एका मार्करवर थांबत नाही, हे ध्यानात घ्या. निरोगी गालाच्या अस्तरात एपकॅम नाही. तिथल्या कर्करोगात ते काही वेळा उगवतं. यकृताच्या प्रौढ पेशींमध्येही ते नसतं. त्यामुळे एपकॅमचे चुंबकी मणी वापरून ‘एपिथेलियल पेशी वेगळ्या करण्याचं’ किट तुमच्या नमुन्यावर चालेलच असं नाही, किटच्या खोक्यावर काहीही छापलेलं असो.

‘पॅन-केराटिन’ म्हणून मिळणारं एई१/एई३ हे मिश्रण पहिल्या चाळणीला उत्तम आहे. मात्र ते फक्त ‘केराटिन आहे’ एवढंच सांगतं, कुठलं ते नाही. शिवाय छाती आणि पोटाच्या पोकळीला आतून झाकणारं मेसोथेलियम आणि सायनोव्हियल सार्कोमासारख्या गाठीही त्याला रंगतात.

चौथी पायरी : नियंत्रणं आधी, नमुना नंतर

दुर्मीळ नमुन्यावर नवी अँटिबॉडी पहिल्यांदा लावू नका. आधी ज्या पेशींचं उत्तर माहीत आहे त्यांच्यावर लावा. केराटिन १४ आणि पी६३ साठी हॅकॅट ही त्वचेची केराटिनोसाइट लाइन (लॅबमध्ये सतत वाढवता येणाऱ्या पेशींचा वाण) सोयीची. केराटिन ८, १८, ई-कॅडहेरिन आणि एपकॅम यांच्यासाठी स्तनाच्या कर्करोगाची एमसीएफ-७ लाइन. विमेंटिन आहे पण ई-कॅडहेरिन नाही, असं उदाहरण हवं तर स्तनाच्याच कर्करोगाची एमडीए-एमबी-२३१. आणि फायब्रोब्लास्टची एखादी प्लेट. पुण्याच्या विद्यापीठ परिसरातल्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेत पेशींचं राष्ट्रीय भांडार आहे, यांतल्या बऱ्याच लाइन तिथून मिळतात. शेजारच्या लॅबमधून ‘एक व्हायल दे ना’ म्हणून आणलेल्या पेशी मात्र ओळख तपासल्याशिवाय वापरू नका.

हे उगाच सांगत नाही. हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून १९५१ मध्ये वाढवलेल्या हेला पेशी इतक्या जोमदार निघाल्या की जगभरच्या फ्लास्कांत शिरल्या. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर यांनी ते दाखवून दिलं. तोंडाच्या कर्करोगाच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या केबी पेशी प्रत्यक्षात हेलाच आहेत, स्वरयंत्राच्या म्हणून मिळणाऱ्या हेप-२ सुद्धा. हेला एपिथेलियलच असल्यामुळे ‘केराटिन आलं’ एवढ्यावरून ही अदलाबदल कधीच उघडी पडत नाही. त्यासाठी एसटीआर प्रोफाइल (डीएनएवरून पेशी कोणाच्या ते ठरवणारी चाचणी) करावं लागतं. मार्कर पेशीचा प्रकार सांगतो, ती कोणाची आहे ते सांगत नाही.

मार्करला चिकटते ती प्रायमरी अँटिबॉडी, आणि प्रायमरीला चिकटून रंग आणते ती सेकंडरी. दर वेळी या स्लाइड ठेवाच : फक्त सेकंडरी अँटिबॉडी लावलेली, प्रायमरीच्या जागी त्याच प्राण्यातली आणि त्याच आयसोटाइपची (उपप्रकाराची) असंबद्ध अँटिबॉडी लावलेली, आणि एक अजिबात न रंगवलेली. शेवटची का, तर फॉर्मॅलिनमधून गेलेली ऊती आणि लाल रक्तपेशी हिरव्या चॅनेलमध्ये स्वतःच चमकतात.

पाचवी पायरी : पेशी तयार करणं, आणि कॅल्शियमचा घोळ

बायॉप्सीचा तुकडा डिस्पेज या विकरात चार अंशांवर रात्रभर ठेवला की सकाळी अस्तर खालच्या ऊतीपासून चिमट्याने पापुद्र्यासारखं सोलून निघतं. ते ट्रिप्सिन या विकराने सुटं करा आणि केराटिनोसाइटच्या सीरमविरहित माध्यमात लावा. फायब्रोब्लास्ट घुसलेच तर सौम्य ट्रिप्सिनने ते आधी सुटतात, केराटिनोसाइट चिकटून राहतात. पहिल्या काही मिनिटांचा द्रव काढून टाका.

या माध्यमात कॅल्शियम मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमोलर, म्हणजे पेशी पक्व न होता वाढत राहाव्यात. आता अशा पेशींवर थेट ई-कॅडहेरिन लावलं तर काय दिसेल? पेशींच्या कडांवर रेघ नाही, सगळीकडे धूसर पसारा. नवखा माणूस लगेच लिहितो, ‘ई-कॅडहेरिन कमी झालंय’. खरं तर प्रथिन आहे, सांधे जुळलेले नाहीत. स्टेनिंगच्या आदल्या दिवशी कॅल्शियम १.२ मिलिमोलरपर्यंत वाढवा. दुसऱ्या दिवशी त्याच पेशींच्या कडांवर फरशीच्या जोडांसारखी रेघ उमटलेली दिसेल. केराटिन १३ आणि इन्व्हॉल्युक्रिन हे पक्वतेचे मार्करही कॅल्शियम वाढवल्यावर आणि पेशी दाट झाल्यावरच नीट बघता येतात. म्हणून प्रत्येक फोटोखाली कॅल्शियम किती आणि पेशी किती दाट हे लिहायची सवय लावा.

सहावी पायरी : इम्युनोफ्लुओरेसन्स

इम्युनोफ्लुओरेसन्स म्हणजे चमकणाऱ्या अँटिबॉडींनी मार्कर सूक्ष्मदर्शकाखाली दाखवणं. कव्हरस्लिपवर पेशी सत्तर-ऐंशी टक्के भरल्या की सुरुवात करा. विरळ पेशींत सांधे दिसत नाहीत.

१. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलेल्या पीबीएस या क्षारद्रावणाने हलकेच धुवा. साध्या पीबीएसमध्ये रेंगाळलात तर सांधे सुटू लागतात.

२. फिक्स करा : ४ टक्के पॅराफॉर्मॅल्डिहाइड, खोलीच्या तापमानाला १० ते १५ मिनिटं, फ्यूम हूडमध्ये. किंवा उणे २० अंशांवरचं थंड मेथॅनॉल, ५ ते १० मिनिटं. केराटिनच्या बऱ्याच अँटिबॉडींना मेथॅनॉल मानवतं. नव्या अँटिबॉडीसाठी दोन्ही करून बघा.

३. पॅराफॉर्मॅल्डिहाइड वापरलं असेल तर ०.१ ते ०.२ टक्के ट्रायटॉन डिटर्जंटने १० मिनिटं पडदा सच्छिद्र करा, नाहीतर अँटिबॉडी केराटिन किंवा पी६३ पर्यंत पोचणारच नाही. मेथॅनॉलने हे काम आधीच झालेलं असतं. एपकॅमसारखा पृष्ठभागावरचा मार्कर बघायचा असेल तर ही पायरी टाळा.

४. ब्लॉक करा (अँटिबॉडी नको तिथे चिकटू नये म्हणून), एक तास. सेकंडरी ज्या प्राण्यात बनवली त्याचं ५ टक्के सीरम.

५. प्रायमरी, रात्रभर चार अंशांवर, ओलसर डब्यात. दोन मार्कर एकत्र लावताना एक उंदरातली आणि एक सशातली निवडा. केराटिन १४ उंदरातली आणि पी६३ सशातली ही जोडी सोयीची.

६. पाच-पाच मिनिटांचे तीन वॉश. घाईत वॉश कमी केले की पार्श्वभूमी चमकते आणि मग दोष बिचाऱ्या अँटिबॉडीवर येतो.

७. सेकंडरी एक तास, अंधारात. डापी (केंद्रक दाखवणारा रंग). माउंट.

फोटो काढताना एक्स्पोजर नियंत्रणाच्या स्लाइडवर ठरवा आणि मग सगळ्या स्लाइडना तेच ठेवा. दर स्लाइडला ऑटो-एक्स्पोजर दिलंत तर कॅमेरा काळोखातूनही रंग काढून दाखवतो.

सातवी पायरी : रंग कुठे आलाय ते वाचा

‘पॉझिटिव्ह’ लिहिण्याआधी स्वतःला विचारा, रंग जिथे यायला हवा तिथे आलाय का? केराटिन १४ म्हणजे पेशीद्रवात धाग्यांची जाळी, केंद्रकाभोवती दाट. ई-कॅडहेरिन म्हणजे दोन पेशींमधली कड. पी६३ म्हणजे डापीवर तंतोतंत बसणारं केंद्रक. केराटिनची अँटिबॉडी केंद्रकात चमकली किंवा पी६३ पेशीद्रवात ठिपक्याठिपक्यांनी पसरली, तर ते उत्तर नव्हे, तक्रार आहे. सौम्यीकरण बदला, फिक्सेशन बदला, दुसरा क्लोन (त्याच मार्करची वेगळी अँटिबॉडी) आणा.

मग मोजा. पाच वेगवेगळी क्षेत्रं कडेपासून मध्यापर्यंत आधीच ठरवून घ्या, सुंदर दिसतं तिथे कॅमेरा नेऊ नका. केराटिन १४ आणि पी६३ दोन्ही असलेल्या पेशी, फक्त पीडीजीएफआर-अल्फा असलेल्या, आणि काहीच नसलेल्या, असे तीन आकडे लिहा. तिसरा गट मोठा निघाला तर त्यात कोण आहे ते शोधा, तो गाळून टक्केवारी काढू नका.

केराटिन १७ आलं म्हणून घाबरू नका. रुग्णाच्या थेट नमुन्यात १३ गायब आणि १७ हजर असं चित्र गालाच्या किंवा जिभेच्या अस्तरात दिसलं तर डिस्प्लेझिया (कर्करोगापूर्वीचा पेशीबदल) किंवा कर्करोगाच्या दिशेने विचार होतो, आणि तो निर्णय पॅथॉलॉजिस्टचा. प्लेटवर वाढवलेल्या निरोगी केराटिनोसाइट मात्र जखम भरताना करतात तसंच वागतात आणि ६, १६, १७ ही केराटिनं स्वतःहून चालू करतात. तोच मार्कर, पण स्लाइडवर एक अर्थ आणि प्लेटवर दुसरा.

पॅराफिनच्या कापांवर काम असेल तर ४ मायक्रॉनचे काप घ्या आणि अँटिजेन रिट्रीव्हल (फॉर्मॅलिनमुळे झाकलेले मार्कर पुन्हा मोकळे करणं) विसरू नका : पीएच ६ चं सायट्रेट किंवा पीएच ९ चं ट्रिस-ईडीटीए, उकळत्याच्या जवळ वीसेक मिनिटं. दोन्हींपैकी काय चालतं ते अँटिबॉडीनुसार ठरतं. कापाचा मोठा फायदा म्हणजे नियंत्रण त्याच स्लाइडवर असतं : तळच्या थराला १४, वर १३, आणि खालच्या जोडऊतीत दोन्ही नाहीत. हे चित्र जमलं नाही तर पुढचं काही वाचू नका.

बाकीच्या पद्धती, थोडक्यात

फ्लो सायटोमेट्रीसाठी (सुट्या पेशी एकेक करून मोजण्यासाठी) पेशी ट्रिप्सिन-ईडीटीएने काढल्या तर ई-कॅडहेरिनचा बाहेरचा भाग कापला जातो. एचईसीडी-१ सारखा बाहेरचा भाग ओळखणारा क्लोन मग रिकामा परततो. ट्रिप्सिनऐवजी सौम्य द्रावण वापरा. मेलेल्या पेशी कुठलीही अँटिबॉडी चिकटवून घेतात, म्हणून जिवंत-मृत ओळखणारा रंग हवाच.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं जेलवर आकारानुसार वेगळी करून ओळखताना) केराटिन ‘दिसत नाही’ ही नेहमीची रड. केराटिनचे धागे साध्या ट्रायटॉनच्या बफरमध्ये विरघळत नाहीत, सेंट्रिफ्यूजनंतर गोळीबरोबर तळाशी जातात, आणि आपण वरचा द्रव जेलवर चढवतो. पेशी सरळ गरम एसडीएस बफरमध्ये फोडा. ई-कॅडहेरिनचा बँड १२० किलोडाल्टनला येतो. हातमोजे घाला, कारण तुमच्या स्वतःच्या त्वचेतही केराटिन आहे. मास स्पेक्ट्रोमेट्रीवाले त्याला रोज शिव्या घालतात.

क्यूपीसीआर म्हणजे आरएनएचं प्रमाण मोजणं. केराटिन ८, १८ आणि १९ यांची जनुकावशेषं (निकामी प्रती) जीनोममध्ये विखुरलेली आहेत आणि त्यांत इंट्रॉन (आरएनएतून कापले जाणारे तुकडे) नाहीत, म्हणून चाचणीत ती खऱ्या आरएनएसारखीच दिसतात. आरएनएमध्ये थोडा डीएनए राहिला तरी फायब्रोब्लास्टमध्येही ‘केराटिन’ मिळतं. डीएनेज करा आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली नळी दर वेळी चालवा.

ईएमटी लिहिण्याआधी

ई-कॅडहेरिन घटलं, विमेंटिन वाढलं, म्हणून ‘पेशी एपिथेलियलपणा सोडून मेसेन्कायमल झाल्या’ असं, म्हणजेच ईएमटी झालं असं, लिहायचा मोह प्रत्येकाला होतो. २०२० मध्ये या क्षेत्रातल्या संशोधकांनी मिळून मांडलेल्या मार्गदर्शक भूमिकेत स्पष्ट म्हटलं आहे की एक-दोन मार्करवरून हे ठरवता येत नाही. स्नेल, झेब१, ट्विस्ट यांच्यासारखी नियंत्रक प्रथिनं बघा, आणि पेशींचा आकार व हालचाल प्रत्यक्ष बदलली का तेही बघा. बऱ्याच पेशी मधल्याच कुठल्यातरी अवस्थेत असतात, दोन्हीकडचे मार्कर एकत्र बाळगून. आपल्या कमी कॅल्शियमच्या प्लेटवर तर नुसत्या माध्यमामुळेच असं चित्र दिसू शकतं.

वहीत आणि पुढे पेपरमध्ये हे नोंदवा : नमुना तोंडातल्या कुठल्या जागेचा, पॅसेज (पेशी नव्या प्लेटवर हलवण्याची खेप) कितवा, माध्यमातलं कॅल्शियम, अँटिबॉडीचा क्लोन आणि लॉट क्रमांक, सौम्यीकरण, फिक्सेशन, किती पेशी मोजल्या. अँटिबॉडीची नवी कुपी आली की जुन्या लॉटबरोबर एकाच दिवशी हॅकॅटवर लावून बघा. पॅसेज वाढत गेले की केराटिन १४ आणि पी६३ ची टक्केवारी पुन्हा काढा. सुरुवातीला पाच-सहा टक्के असलेले फायब्रोब्लास्ट सीरमवाल्या माध्यमात गेले की काही आठवड्यांतच प्लेट ताब्यात घेऊ शकतात.